अठरापैकी नऊ मिलिमीटर

वडवणी,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव अर्जुनराव यांस,

तुमच्या बैठकीत जी दिनदर्शिका टांगलेली आहे तिच्या बरोबर मागच्या खुर्चीवरून थोरले बंधू बंकटराव यांचे अनेक आशीर्वाद. प्रकृती विचारण्याचा प्रघात आहे म्हणून विचारतो. उत्तराची निकड नाही. आज सकाळी तुम्हाला सलग तीन शिंका आल्या, त्यानंतर चहात साखर कमी असल्याची तक्रार झाली, आणि डोळ्यात औषध घालताना तुम्ही मान हलवलीत म्हणून सौ. विमलबाईंनी तुम्हाला दोन शब्द ऐकवले, हे सर्व मला ठाऊक आहे. आपल्या दोघांच्या मध्ये जी एमडीएफची फळी उभी आहे तिची जाडी अठरा मिलिमीटर असून लाकडाचा भुसा दाबून केलेल्या त्या वस्तूतून माणूस जात नसला तरी तक्रार जाते. इकडील सर्व क्षेम आहे. तुमच्या वहिनीचा, म्हणजे मनकर्णेचा, गुडघा पूर्ववत दुखत आहे. माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्याला पट्टी आहे. तिचे कारण पुढे ओघाने येईल.

हे पत्र टपालाने येत आहे. मनकर्णेने याला हरकत घेतली. “कावून पाठवताव टपालानं? फळीखालून सरकवा की,” असे तिचे म्हणणे. फळीखाली फट आहे हे मान्य (सिदू सुताराने वाटणीच्या वेळी फळी दोन मिलिमीटर आखूड कापली होती आणि त्याची नोंद माझ्याकडे आहे). परंतु फटीतून सरकवला जातो तो कागद म्हणजे चिठ्ठी. पत्राला तिकीट लागते, शिक्का लागतो, आणि ते आणणारा त्रयस्थ मनुष्य लागतो. चार वर्षांनंतरचा पहिला मजकूर चिठ्ठीने जावा हे मला योग्य वाटत नाही. म्हणून हे पत्र बहुधा बीडपर्यंत जाऊन, तिथून उलट येऊन, माझ्या दारावरून पुढे तुमच्या दारात येईल. पोस्टमनला मी काही बोलणार नाही.

तुमच्या डोळ्याचे ऑपरेशन २७ जानेवारीला झाले. डोळ्याला चार आठवडे धूळ आणि अंगाला जोर वर्ज्य, चष्म्याचा नंबर त्यानंतर, आणि दुसरा डोळा पुढच्या महिन्यात, अशी माहिती मनकर्णेने परसदारी विमलबाईंकडून मिळवली (आपल्या वाटणीपत्रात परसदाराचा उल्लेख करायचा माझ्याकडून राहून गेला होता, त्या एका त्रुटीतून चार वर्षे दोन घरांतल्या भाज्यांची ये-जा चालू आहे). याचा अर्थ असा की हे पत्र तुम्ही वाचणार नाही. ते सौ. विमलबाई वाचून दाखवतील. त्यांना आशीर्वाद, आणि एक विनंती. विमलबाई, वाक्य लांब दिसले म्हणून पान उलटू नये. कंसातला मजकूर हादेखील मजकूरच असतो. वाचन चालू असताना मी या बाजूला बसलेला असेन. मुद्दाम नव्हे, माझी खुर्ची तिथेच असते.

युक्तिवाद वस्तुस्थितीवर उभा राहतो, म्हणून आधी वस्तुस्थिती नोंदवतो. अर्जुनराव, तुम्हाला ती ठाऊक आहे. परंतु विमलबाई त्या सभेला नव्हत्या, आणि त्यांच्यापर्यंत जी हकीकत पोचली ती एकाच पक्षाकडून पोचली. चार वर्षांपूर्वी सेवा सोसायटीच्या निवडणुकीत तुम्ही उभे होता. बाजारतळावर मांडव घातला होता. तुम्ही भाषणात म्हणालात, “मी आजवर एकाबी पदावर बसलो न्हाई, म्हणून माझ्यावर एकबी डाग न्हाई, तवा मत मलाच द्या.” टाळ्या झाल्या. नंतर थोरला भाऊ म्हणून दोन शब्द आशीर्वादपर बोलण्यास मला उठवण्यात आले. मी एकतीस वर्षे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले आहे. मी म्हणालो की प्रतिज्ञा चांगली आहे, पण तिला दिलेला हेतू, म्हणजे कारण, फार पसरट आहे; मांडवाचा हा खांबही आजवर कोणत्याच पदावर बसलेला नाही, त्याच्यावरही डाग नाही, तेवढ्यावरून त्याला निवडून द्यावे असे मात्र कोणी म्हणणार नाही. लोक हसले. दाखला समजला म्हणून लोक जितके हसतात त्याहून पुष्कळ जास्त हसले. दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक विजेच्या खांबावर तुमच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती. तुम्ही अकरा मतांनी पडलात. त्या संध्याकाळी तुम्ही मला एकच वाक्य बोललात: “दादा, तुमी मला भर सभेत शिकवलं.” मी उत्तर दिले की सभा शिकण्यासाठीच असते. आपले शेवटचे संभाषण ते.

पुढे वाटणी झाली. वाटणीपत्र मीच लिहिले, कारण गावात दुसऱ्या कोणाला ते निर्दोष लिहिता आले नसते. अठरा फुटी बैठक नऊ-नऊ फुटांनी विभागली. पंखा नेमका मध्यावर येत होता. त्याची पाती दोन्ही पक्षांत फिरली असती म्हणून तो काढून माळ्यावर ठेवला, आणि तेव्हापासून दोन्ही पक्ष उन्हाळ्यात टेबलफॅनवर आहेत. कलम सात तुम्हाला आठवत असेल. त्यात मधल्या फळीच्या जाडीपैकी उत्तरेकडील नऊ मिलिमीटर तुमचे आणि दक्षिणेकडील नऊ माझे, असे स्पष्ट केले आहे. सह्या करताना तुम्ही त्या कलमाला हसला होतात. त्या दिवशी तुम्ही तेवढेच हसलात.

आता प्रस्तुत विषय. तुमचे ऑपरेशन झाल्यापासून विमलबाई तुम्हाला सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवतात. त्यांचा उच्चार स्वच्छ आहे, आवाज खणखणीत आहे, याबद्दल वाद नाही. परंतु त्या माजलगावच्या मोंढ्यातले भाव वाचतात, निधनवार्ता वाचतात, तुमचे राशिभविष्य वाचतात (दोनदा वाचतात), आणि अग्रलेखाशी आल्या की थांबतात. ३० जानेवारीच्या गुरुवारी मी तोच अंक हातात धरून या बाजूला बसलो होतो. एकाच छपराखाली एकाच वर्तमानपत्राचे दोन अंक येतात, हेही वाटणीपत्राचेच फळ. तुम्ही विचारलेत, “अग्रलेखात काय म्हणलंय?” विमलबाई म्हणाल्या, “लई लांबडा हाय.” तुम्ही म्हणालात, “वाच की मग.” त्यांनी पहिली दोन वाक्ये वाचली आणि म्हणाल्या, “पुढंबी तेच हाय.”

पुढे ते नव्हते. लेखकाने तिसऱ्या वाक्यात आपली भूमिका पूर्ण फिरवली होती. तुम्ही एक असत्य घेऊन दिवसभर वावरणार हे मला सहन झाले नाही. मी अग्रलेख मोठ्याने वाचू लागलो. बाहेरून विचारणा झाली असती तर मनकर्णेला वाचून दाखवत आहे असे सांगणार होतो (मनकर्णा त्या वेळी दळण आणायला गेली होती). मी शेवटपर्यंत वाचले. अर्ध्यावर आलो असताना तुमच्या बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ती फळीच्या जवळ सरकली की फळीपासून दूर, हे अठरा मिलिमीटरमधून ठरवता येत नाही. मी तो आवाज त्यानंतर पुष्कळदा आठवून पाहिला आहे. त्यातून काहीही निष्पन्न होत नाही.

म्हणून मी फळीत झरोका पाडण्याचे ठरवले. साठ सेंटिमीटर रुंद, पंचेचाळीस उंच, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचे तोंड जिथे येते तिथे मधोमध. तुमची उंची मनकर्णेहून नऊ सेंटिमीटर जास्त आहे. तिला खुर्चीत बसवून मोजले आणि फरक मिळवला. तिने विचारले, “दार हाय की भायेर. अकरा पावलं चाललं की त्यांच्या उंबऱ्यात. भोक कावून पाडताव?” प्रश्न वाजवी आहे, आणि उत्तर असे की दारातून जायचे झाले तर दोघांपैकी कोणीतरी एक आधी जातो. मग त्याचे कारण विचारले जाते. झरोक्याचे तसे नाही. तो दोन्ही बाजूंना एकाच क्षणी उघडतो. मनकर्णेने हे ऐकून घेतले आणि म्हणाली, “त्या फळीसंगं एवढं बोललाव, तेवढं भावासंगं बोलला असताव तर फळीच लागली नसती.” या युक्तिवादातील दोष मला अद्याप सापडलेला नाही. शोधत आहे.

सुतारकामाचा मला अनुभव नाही, पण सुतारकामात मला भीती वाटावी असे काही दिसले नव्हते. सरळ रेघ, काटकोन, आणि रेघेवरून करवत. फळी बसवून उरलेला एक तुकडा चार वर्षे माझ्या दिवाणाखाली होता. सराव त्याच्यावर करायचा आणि मूळ फळीला हात लावायचा तो हात बसल्यावर, असे ठरले. देखरेखीला सिदूला बोलावले. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे होती. याने एकट्याने करवत धरली, आणि आज वडवणीत निम्म्या घरांच्या चौकटी त्याच्या हातच्या आहेत. मी पेन्सिलने आयत आखला. सिदूने तो पाहिला आणि विचारले, “सर, रेघ खायची का राखायची?” मी म्हणालो की रेघेला लांबी असते, रुंदी नसते, त्यामुळे ती खाण्याचा वा राखण्याचा प्रश्न उद्भवत नाही. त्याने पेन्सिलच्या रेघेवर नख ठेवले. “ही एक मिलीमीटर हाय की. खाल्ली तर भोक मोठं, राखली तर बारकं.” एकतीस वर्षे मी फळ्यावर रेघा ओढल्या आणि एकाही विद्यार्थ्याने मला हा प्रश्न विचारला नाही. त्या दुपारी काम झाले नाही. मी रेघेचा विचार करत बसलो आणि सिदू चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी असे ठरले की रेघ राखायची, करवत आतल्या बाजूने चालवायची, आणि उरलेले कानशीने घासून रेघेपर्यंत आणायचे. मग प्रश्न आला सरळ कडेचा. करवतीला टेकण्यासाठी आधार लागतो, आणि आधार सरळ हवा. सरळपणाची परीक्षा सिदूने शिकवली. ती इतकी शुद्ध आहे की ती मला आधी का सुचली नाही याचे मला वैषम्य वाटले. कडेला धरून रेघ ओढायची, मग तीच पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांमधून दुसरी रेघ ओढायची. दोन्ही एकावर एक बसल्या तर कड सरळ. मी घरातल्या सर्व कडा तपासल्या. शाळेतली फूटपट्टी वाकडी निघाली. मनकर्णेचा शेवयांचा पाट मधोमध झिजलेला निघाला. निवृत्तीच्या वेळी कॉलेजने मला जे सन्मानपत्र चौकटीत घालून दिले, ज्यात माझ्या सरळ विचारसरणीचा उल्लेख आहे, त्या चौकटीत दोन मिलिमीटरचा बाक निघाला. मी ते पुन्हा भिंतीवर लावले आहे, तोंड भिंतीकडे करून. शेवटी सिदूने गिलाव्यासाठी वापरतात ती ॲल्युमिनियमची पट्टी आणली, आणि ती परीक्षेत उतरली.

पहिला झरोका मी स्वतः कापला. चारही कोपऱ्यांत रेघेच्या आत गिरमिटाने भोक, भोकातून निमुळती करवत, आणि पट्टीच्या आधाराने एकेक बाजू. तिसऱ्या बाजूला पट्टी सरकली. मी ती अंगठ्याने दाबून धरली. अंगठ्याची हकीकत इथे पूर्ण होते. साठ आणि पंचेचाळीसच्या आयताचे दोन्ही कर्ण पंचाहत्तर भरले पाहिजेत. माझा एक पंचाहत्तर पूर्णांक नऊ भरला आणि दुसरा चौऱ्याहत्तर पूर्णांक दोन. सिदू म्हणाला, “पतंग झाला सर.” दुसरा त्याहून बरा झाला. तुकडा मोठा नसल्याने पुढचे झरोके लहान मापाचे घेतले. पाचव्याला कर्ण अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने जुळले. कडेवरून बोट फिरवले तर कुठेही अडले नाही. मी सिदूला सांगितले की काम निर्दोष झाले आहे. त्याने फळी उलटी केली. मागच्या बाजूचा गुळगुळीत पापुद्रा चारही कडांनी उचकटला होता, उंदरांनी कुरतडल्यासारखा. “करवत हिकडून ढकलली की तिकडचं फाटतंय,” तो म्हणाला. “तुमी हिकडंच बघत व्हता.”

(विमलबाई, इथे थोडे थांबावे. मीही थांबलो होतो.)

त्या तुकड्यात आता फळीपेक्षा भोके अधिक आहेत. न्यायशास्त्रात अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानतात. मनकर्णेने तो परसदारी कोथिंबिरीच्या वाफ्याला आडवा लावला आहे, कोंबड्या येऊ नयेत म्हणून. कोंबड्या त्यातून एकामागून एक, आपापल्या आकाराप्रमाणे झरोका निवडून, आत जातात.

मागचा पापुद्रा फाटू नये यासाठी उपाय आहे. मागच्या बाजूने एक पाठफळी घट्ट दाबून धरायची. करवतीचा दात बाहेर पडतो तो तिच्यात, आणि पापुद्रा जागच्या जागी राहतो. सरावाच्या तुकड्यावर हे शिकंज्याने, दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या लोखंडी पकडीने, जमले. परंतु उभ्या फळीला शिकंजा लावायचा तर त्याचा एक जबडा तुमच्या बाजूला पोचला पाहिजे. तो पोचण्यासाठी फळीत भोक पाहिजे. आणि भोक नीट पडण्यासाठी शिकंजा पाहिजे. याला अन्योन्याश्रय म्हणतात. मी हा दोष आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रबंधांत दाखवला. स्वतःच्या बैठकीत तो प्रथमच भेटला.

मी दोन दिवस विचार केला, आणि मग मला कलम सात आठवले. फळीच्या जाडीपैकी नऊ मिलिमीटर निर्विवाद माझे आहेत. त्यात मी काय करावे यासाठी कोणाच्याही संमतीची गरज नाही. सिदूकडे विजेवर चालणारी गोल पात्याची हातकरवत आहे. तिचे पाते किती खोल जावे हे आधी पक्के करता येते. मी ते नऊवर पक्के केले. सिदू म्हणाला, “सर, आजवर कुणी आरदं भोक पाडल्यालं मी बघितलं न्हाई.” मी त्याला वाटणीपत्र वाचून दाखवले. त्याने ते शांतपणे ऐकले, ॲल्युमिनियमची पट्टी आखूड स्क्रूंनी आयताच्या आतल्या भागावर बसवली (स्क्रू आठ मिलिमीटरचे, मी प्रत्येक मोजला), आणि यंत्र सुरू केले. यंत्र माझ्या हातात होते आणि माझे हात सिदूच्या हातात. चारही बाजू एकेका ओढीत झाल्या. गोल पाते कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, ते चार कोपरे मी पटाशीने, नऊ मिलिमीटरवर खूण करून, दीड तासात पूर्ण केले. कर्ण दोन्ही पंचाहत्तर. फरक शून्य. आयुष्यात मी हाताने केलेली ही पहिली वस्तू जिच्यात मला दोष सापडला नाही. पण तिच्यातून काहीच दिसत नाही.

सध्याची स्थिती अशी. माझ्या बाजूने एक अतिशय नेटकी चौकट खोदलेली आहे. तिच्या आतली फळी तुमच्या नऊ मिलिमीटरवर लटकून आहे. सिदूचे मत असे की मी एक गुडघा मारला तर ती तुमच्या बैठकीत पडेल. ते खरे असावे. परंतु त्याने तुमचा पापुद्रा फाटेल, आणि तुमच्या बाजूचे काही माझ्यामुळे एकदा फाटलेले आहे. सबब मी गुडघा मारलेला नाही. सायंकाळी मी त्या चौकटीसमोर बसतो. मनकर्णा विचारते, “टीव्ही बघताव का?”

म्हणून हे पत्र. कलम सातप्रमाणे, उत्तरेकडील नऊ मिलिमीटर कापण्यास तुमची लेखी संमती मिळावी, ही विनंती. धूळ आणि जोर यांची डॉक्टरांची मनाई सोमवारी, २४ तारखेला संपते. काम मंगळवारी, २५ तारखेला सकाळी दहा वाजता घेता येईल. भुशासाठी दोन्ही बाजूंना ओल्या चादरी लावल्या जातील आणि तुमचा काळा चष्मा डोळ्यांवर राहील. संमतीचा मसुदा सोबत जोडला आहे. तो तीन ओळींचा आहे आणि त्यात पळवाट नाही. आता चष्म्याचा नंबर मिळेपर्यंत आणि दुसरा डोळा होईपर्यंत दोन-तीन महिने जातील, तेवढ्या काळातले अग्रलेख पूर्ण वाचले जातील याची हमी मी देतो. भाव आणि निधनवार्ता विमलबाईंकडेच राहाव्यात. राशिभविष्याबद्दल मी मत देत नाही.

तेजश्रीचा पुण्याहून फोन येतो तेव्हा तिचा आवाजही इकडे येतो. लेक सुखात आहे असे वाटते. तिला या काकाचे आशीर्वाद सांगावेत, किंवा झरोका होईपर्यंत थांबावे, मीच सांगेन.

तुमचा थोरला बंधू,
बंकटराव

ता. क. वर मी संमती मागितली आहे. ते वाक्य पुन्हा वाचून पाहता अपुरे वाटते. संमतीने पाठफळी दाबली जात नाही. सिदूला मी विचारले की पलीकडे टेबल उभे करून त्याला टेकवली तर? तो म्हणाला, “नुसतं टेकवून न्हाई भागत सर. तिकडं माणूस पायजे. आन्‌ जीव लावून दाबणारा पायजे.” विमलबाईंचे वजन कमी पडेल. बाहेरचा माणूस मला नको. तुमच्या बाजूला ज्याचे वजन पुरेल असा एकच जण राहतो. डॉक्टरांची हरकत नाही ना, हे आधी विचारून घ्यावे. मी या बाजूने करवत धरेन. तुम्ही त्या बाजूने दोन्ही तळहातांनी फळी दाबून उभे राहावे. बोलण्याची आवश्यकता नाही. दाब कमी झाला तर मला तो पात्यातच कळेल, आणि मी थांबेन.

ता. क. दुसरा. एक अतिक्रमण कबूल करणे भाग आहे. तुमच्या बाजूचा पापुद्राही आधी कटरने चिरावा लागतो, आणि त्यासाठी माझे कोपरे तुमच्या बाजूला नेमके कुठे येतात ते कळायला हवे. परवा मी मनकर्णेचे दाभण घेऊन वरचा डावा कोपरा आरपार टोचला. कलम सातचा हा भंग आहे. दाभण तुमच्या दिनदर्शिकेतून गेले असावे. नवी आणून देईन. दुपारी पाहतो तर त्या छिद्रात तुमच्या बाजूने कापसाचा बोळा भरलेला होता. मी त्याचे दोन अर्थ लावले: वारा, किंवा विरोध. दोन्हींना सारखाच पुरावा होता. आज सकाळी बोळा नव्हता. त्यावरून मी कोणतेही अनुमान काढलेले नाही. फक्त मनकर्णेला दोन वेळा बोलावून दाखवले.

ता. क. तिसरा, फक्त सौ. विमलबाईंसाठी. पत्र दोन्हीकडून सहा पाने झाले आहे. तुम्ही आधी शेवटचेच पान पाहत असाल तर मधली पाने गाळण्यास माझी परवानगी आहे. वाटणीपत्र, कर्ण, अन्योन्याश्रय, आणि विशेषतः खांबाचा दाखला, सगळे गाळावे. अर्जुनला जवळ बसवून पुढची एक ओळ सावकाश वाचावी. तिला मी हेतू जोडलेला नाही, उदाहरण जोडलेले नाही, आणि तिच्यावर काही विचारले तर उत्तरही माझ्याकडे नाही.

अर्जुन, त्या दिवशी सभेत चूक माझी होती. तू बरोबर बोलत होतास की नाही हा प्रश्नच नव्हता, तू माझा भाऊ बोलत होतास.